मैत्रिणीचे डोळे किती दिवस वापरू?

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका २३ वर्षांची. इतिहासात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी 'रेटिनायटिस पिग्मेंटोसा' या डोळ्यातल्या पडद्याच्या आजाराचं निदान केलं. दिवसा समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. दिवेलागणीनंतर एकटीने चालणं अवघड. छापील पान वाचायला आता वीस मिनिटं लागतात आणि मग डोकं ठणकतं. खोलीतली मैत्रीण रोज रात्री दोन तास वाचून दाखवते, पण ती स्वतः राज्यसेवेच्या तयारीला लागली आहे आणि हल्ली गप्प गप्प असते. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर काचेची एक खोली आहे. दारावर 'दिव्यांग कक्ष' अशी पाटी, आत बोलणारे संगणक, स्कॅनर, अक्षरं मोठी करणारं यंत्र. पत्रलेखिका तीनदा दारापर्यंत जाऊन परतली. ती खोली पूर्ण अंध मुलांची, आपण त्यांची जागा अडवू, असं तिला वाटतं. एकदा चौकशी केली तर 'कार्ड आहे का?' असं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राबद्दल, विचारलं गेलं. कार्ड काढलेलं नाही. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं आहे आणि घरचे 'असला शिक्का नको' म्हणतात. एका सरांचं वाक्य तिच्या मनात रुतून बसलं आहे : इतिहासाच्या अभ्यासकाने साधनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचली पाहिजेत. लघुप्रबंध होईपर्यंत मैत्रिणीवर भागवावं, त्या खोलीत जावं, की पीएच.डी.चा विचार सोडून बी.एड. करावं, असा तिचा प्रश्न आहे.

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले : 'तिन्ही वेळा फोन आल्यासारखं केलं आणि परत फिरले.' हे फोन आल्यासारखं करणं माझ्या ओळखीचं आहे. चाळिशीत मला कमी ऐकू यायला लागलं. श्रवणयंत्र घेतलं, पण तीन वर्षं केस मोकळे सोडून ते झाकलं. समोरचं माणूस बोललं की मान हलवायची आणि हसायचं. एका लग्नाच्या गर्दीत मावसबहिणीने मला काहीतरी सांगितलं, मी हसून 'हो, हो' म्हटलं. तिने मला स्वतःच्या आजाराची बातमी सांगितली होती. त्या दिवसानंतर मी यंत्र झाकलं नाही. तुझं दुखणं आणि माझं दुखणं सारखं नाही हे मला कळतं. तुझं वाढत जाणारं आहे, आणि तुझ्यापुढे अख्खं आयुष्य आहे. पण लपवण्यात माणसाची किती शक्ती जाते, ते मी अनुभवाने सांगू शकते.

आता तुझं पहिलं गृहीतक. ती खोली 'पूर्ण अंध' मुलांची आहे, असं तुला कुणी सांगितलं? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत आणि 'अल्पदृष्टी' हा त्यातला स्वतंत्र प्रकार आहे. शिवाय त्या कायद्यात दृष्टी फक्त तक्त्यावरच्या अक्षरांनी मोजलेली नाही. नजरेचा पल्ला, म्हणजे मान न हलवता आजूबाजूचं किती दिसतं, तोही मोजला जातो. हा पल्ला ४० अंशांच्या आत आला की अल्पदृष्टी, १० अंशांच्याही आत आला की कायद्याने अंधत्व. तुझ्या आजारात कडेची नजर आधी जाते आणि मधली बरेचदा पुष्कळ वर्षं टिकते. त्यामुळे तक्त्यावरची बारीक अक्षरं तू वाचतेस, सगळे म्हणतात 'हिला तर दिसतंय', आणि तूही तेच म्हणायला लागतेस. ओळीच्या शेवटी पोचल्यावर पुढची ओळ कुठे सुरू होते ते शोधण्यात तुझी वीस मिनिटं जातात, हे बाहेरून कुणाला दिसत नाही.

आणि जागा अडवण्याचं म्हणशील, तर न वापरलेल्या यंत्राचं काय होतं ते बघ. त्याच्यावर आच्छादन चढतं, किल्ली कुणाच्या तरी टेबलाच्या खणात जाते, आणि दोन वर्षांनी 'कोणी येतच नाही' म्हणून दुरुस्तीचा खर्च नामंजूर होतो. नोंदवहीत तुझं नाव पडलं, तर तुझ्यामागून येणाऱ्या मुलाला ते यंत्र चालू स्थितीत मिळण्याची शक्यता वाढेल.

त्या खोलीत गेल्यावर मात्र एक चूक होण्याचा संभव आहे, ती आधीच सांगून ठेवते. तुला बहुधा सगळ्यात आधी अक्षरं मोठी करणाऱ्या यंत्रापुढे बसवतील. अल्पदृष्टी म्हणजे मोठी अक्षरं, असा सर्वसाधारण समज आहे. पण ज्यांची नजर नळीसारखी अरुंद झाली आहे त्यांना अक्षर फार मोठं केलं की त्या नळीत जेमतेम दोन-तीन अक्षरं मावतात आणि वाचन आणखी मंदावतं. मग माणूस म्हणतो, तंत्रज्ञानाचा मला उपयोग नाही. तुला आकारापेक्षा रंगांचा विरोध जास्त उपयोगी पडेल : काळ्या पडद्यावर पांढरी किंवा पिवळी अक्षरं, मध्यम आकार, ओळींमध्ये मोकळी जागा, लहान रुंदीचा स्तंभ. कागदावर वाचताना काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीपुरती खाच कापून ती सरकवत वाच. पाच मिनिटांत घरी होतं आणि ओळ हरवत नाही. मोठ्या नेत्ररुग्णालयांमध्ये लो-व्हिजन क्लिनिक असतं. तिथे एकदा तपासून घे, कारण तुझा उरलेला पल्ला किती आहे त्यावर साधनांची निवड ठरते.

आता सरांच्या वाक्याकडे येते. मला वाटतं, तुझं खरं अडलंय ते इथे.

श्रावणात आपल्याकडे पोथी लागते. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण कुठल्या अध्यायात काय आहे ते तिला तोंडपाठ होतं, आणि वाचणाऱ्याने ओवी चुकवली तर ती जागच्या जागी टोकायची. तिने पोथी 'वाचली' नव्हती असं म्हणायला माझी जीभ धजणार नाही. सरांच्या म्हणण्यातला मूळ मुद्दा बरोबरच आहे : दुसऱ्याने काढलेला सारांश घेऊन इतिहास लिहू नये, साधनापर्यंत स्वतः पोचावं. फक्त पोचायची वाट डोळ्यांचीच असली पाहिजे, हे त्यात आपोआप येत नाही. मेक्सिकोवरच्या स्पॅनिश स्वारीचा इतिहास १८४३ साली प्रसिद्ध करणारा अमेरिकन इतिहासकार विल्यम प्रेस्कॉट जवळजवळ आंधळा होता. तो स्पॅनिश कागदपत्रं लेखनिकांकडून मोठ्याने वाचून घ्यायचा, आणि ओळी चुकू नयेत म्हणून पितळी तारा बसवलेल्या चौकटीवर कार्बनच्या कागदाने लिहायचा. त्याच्या काळातलं सहाय्यक तंत्रज्ञान तेवढंच होतं.

आणि खरं सांग, सध्या साधनाच्या जास्त जवळ तू केव्हा असतेस? मैत्रीण वाचते तेव्हा एखादं वाक्य पाचव्यांदा वाच असं तिला म्हणवतं का तुला? तळटीपा ती वाचते, की 'खाली संदर्भ आहेत' म्हणून पुढे जाते? रात्री साडेदहाला तिचे डोळे मिटायला लागले की तू 'राहू दे आता' म्हणतेस ना? स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली, कंटाळत नाही. तो वाक्यावाक्याने, शब्दाशब्दाने, हवं तर अक्षराअक्षराने वाचतो. एखाद्या गावाचं नाव ऱ्हस्व लिहिलंय की दीर्घ, हे बाणाची कळ दाबून तुला स्वतःला तपासता येतं. संपूर्ण पुस्तकात एखादं नाव कुठे कुठे आलंय ते क्षणात शोधता येतं, जे चांगली नजर असलेल्या तुझ्या वर्गमित्रांना छापील पुस्तकात दिवसभर बसूनही जमायचं नाही.

या यंत्रांच्या मर्यादाही तुला माहीत असायला हव्यात, नाहीतर पहिल्याच आठवड्यात निराश होशील. स्कॅन केलेलं पान म्हणजे संगणकाच्या दृष्टीने नुसतं चित्र. त्यातली अक्षरं ओळखण्याचं काम ओसीआर करतं, आणि देवनागरीत ते चुकतं. 'घन' आणि 'धन', 'भाग' आणि 'माग' यांत गफलत होते. खिळ्यांच्या छपाईची, पिवळी पडलेली जुनी नियतकालिकं असतील तर जास्तच. इतिहासात सगळ्यात घातक चूक आकड्यांची. १ आणि ९ यांची अदलाबदल झाली की सनावळीचा विचका होतो, म्हणून प्रत्येक सन मूळ पानाशी ताडून घ्यायची सवय लाव. दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. प्राध्यापकांच्या कित्येक नोट्स अजून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत, नसतात. स्क्रीन रीडर त्या निरर्थक इंग्रजी अक्षरांसारख्या वाचतो. तेव्हा फाइल मागताना 'युनिकोडमध्ये द्या' हे दोन शब्द आवर्जून जोडायचे. आणि मोडी कागद, हस्तलिखित, समासातल्या नोंदी यांच्यासाठी माणूसच हवा.

म्हणजे मैत्रीण लागेल. पण रोजचे दोन तास नव्हेत. ती गप्प झाली ती कंटाळली म्हणून, असं तू धरून चालली आहेस. कदाचित तिच्या पूर्वपरीक्षेची तारीख जवळ आली असेल आणि तुला कसं सांगावं हे तिला कळत नसेल. दोघी एकमेकींना जपत बसला आहात असं मला पत्र वाचून वाटलं. तूच आधी बोल : 'रोजचं वाचन आता मी यंत्राकडून करून घेणार आहे. आठवड्यातून एक तास दे, त्यात यंत्राला न वाचता आलेलंच वाचू.' बाकीच्या ताडणीसाठी विभागातल्या कनिष्ठ मुलांना किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना विचार, पाळीने एकेक तास. रात्री जेवल्यावर मग तुम्हा दोघींना नुसत्या गप्पाही मारता येतील. त्या शेवटच्या कधी मारल्या होत्या?

सुरुवात त्या खोलीत करू नकोस. तुझ्या फोनवर कर. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' आहे, त्यात 'सिलेक्ट टू स्पीक' चालू कर. मग त्याचं बटण दाबून पडद्यावरच्या मजकुरावर बोट ठेवलं की फोन तेवढाच भाग मराठीत वाचून दाखवतो. 'टॉकबॅक' हे त्याच्या पुढचं, पूर्ण स्क्रीन रीडर. ते चालू केलं की बोटांच्या सगळ्या सवयी बदलतात, म्हणून ते सुट्टीत निवांत शिक. पुस्तकाच्या पानाचा फोटो गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडला तर मजकूर सुटा होऊन मिळतो. संगणकासाठी 'एनव्हीडीए' हा स्क्रीन रीडर घे. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांचं हे काम, २००६ पासून चालू आहे आणि विनामूल्य आहे. ते पेन ड्राइव्हवर ठेवूनही चालवता येतं, म्हणजे ग्रंथालयातल्या कुठल्याही विंडोज संगणकावर, जिथे परवानगी असेल तिथे, हेडफोन लावून तू चारचौघांत बसून वाचू शकतेस. रोजच्या वाचनासाठी काचेच्या खोलीची गरजच उरत नाही. त्याचा सुरुवातीचा आवाज फार यांत्रिक वाटेल, त्यावरून मत बनवू नकोस. आवाज बदलता येतो, गती कमी-जास्त करता येते. पहिले दोन आठवडे तुला आधीच ठाऊक असलेला मजकूर लाव. एखादं शाळेतलं धड्याचं पान, बी.ए.चं प्रकरण. नवा विषय आणि नवी रीत एकदम शिकायला गेलीस तर दोन्हीचा राग येईल. त्याच काळात इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळफलकावर न बघता मराठी टंकायला शीक.

हे सगळं आत्ताच का, तर तुला अजून दिसतंय म्हणून. कुठलं बटण कुठे आहे, पडद्यावर काय चाललंय हे डोळ्यांनी ताडत ताडत कानांना शिकवता येईल असा हा काळ आहे. पुढे किती दिसेल हे डॉक्टरही नेमकं सांगू शकत नाहीत. गरज अंगावर येऊन पडल्यावर, घाबरलेल्या मनाने शिकणं फार जड जातं. तू त्या खोलीकडे शेवटची पायरी म्हणून बघतेस. मला ती तुझ्या शिकवणीची जागा वाटते, आणि आठ-दहा वेळा जाऊन यायची आहे एवढंच.

त्या आठ-दहा वेळांसाठी ग्रंथपालांना भेट. काउंटरवर उभ्याने बोलू नकोस, वेळ मागून घे आणि अर्ज लेखी ने. 'मदत करा' असं मोघम लिहू नकोस. कोणती पुस्तकं स्कॅन करून हवीत त्यांची यादी दे, आठवड्यात कोणत्या वारी किती वाजता यंत्र लागेल ते लिही, आणि वाचनकक्षातल्या दोन साध्या संगणकांवर एनव्हीडीए बसवायची विनंती कर. कार्ड विचारलं तर तूर्त डोळ्यांच्या डॉक्टरांचा अहवाल जोड. 'पूर्ण पुस्तक स्कॅन करता येत नाही, कॉपीराइट आहे' असं उत्तर आलं तर नम्रपणे सांग : २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडबी)मध्ये दिव्यांग वाचकाला वाचता येईल अशी प्रत अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी करण्याची मोकळीक आहे. याच विषयावरचा माराकेश करार सर्वांत आधी मान्य करणारा देश भारतच होता, २०१४ मध्ये. उच्च शिक्षणसंस्थांनी सुगम्यता कशी ठेवावी याची मार्गदर्शक तत्त्वं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दिलेली आहेत. एवढं करूनही दार उघडलं नाही, तर विभागप्रमुख, मग विद्यापीठाचा समान संधी कक्ष, आणि अगदीच वेळ आली तर पुण्याचं राज्य दिव्यांग आयुक्तालय. तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही. बहुतेक ग्रंथपालांना त्या यंत्रांचं काय करायचं हे सांगणारं माणूसच भेटलेलं नसतं.

कार्डाचं जरा नाजूक आहे. घरच्यांशी भांडून काढ, असं मी म्हणणार नाही. पण तू सज्ञान आहेस आणि अर्ज तुझ्या नावाने, ऑनलाइन होतो. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. युडीआयडी कार्ड, म्हणजे हेच दिव्यांग ओळखपत्र, कुणी गावात दवंडी पिटून देत नाही, ते तुझ्या पाकिटात राहतं. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व ठरलं तर उच्च शिक्षणात ५ टक्के जागा, सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण, परीक्षेत लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ, हे तुझ्या हक्काचं होतं. केंद्र सरकारच्या 'सुगम्य पुस्तकालय' या २०१६ पासून चालणाऱ्या ऑनलाइन ग्रंथालयात मराठी पुस्तकंही आहेत. त्याच्या सदस्यत्वालाही हा पुरावा लागतो. बहिणीच्या लग्नाची आईवडिलांची भीती मला समजते आणि मी ती उडवून लावणार नाही. पण हा आजार अनुवंशातून येतो, कार्डातून येत नाही. बहिणीला धोका आहे की नाही, हा प्रश्न कार्ड न काढल्याने सुटत नाही, आणि तो लपवून ठरलेलं लग्न तिच्याही डोक्यावर टांगतं राहील. आईवडिलांना एकदा नेत्रतज्ज्ञांकडे सोबत ने, अनुवंशाबद्दल त्यांच्या तोंडून ऐकू दे. तुझ्या तोंडून ऐकताना ते फक्त तुझ्याकडे बघत राहतील.

पीएच.डी. की बी.एड., हे आज ठरवू नकोस. डोकं ठणकत असताना घेतलेला तो निर्णय असेल. शिकवण्याची आवड असेल तर बी.एड. जरूर कर, पण वाचन टाळायला म्हणून करशील तर तिथेही पुस्तकंच आहेत. चार महिने या साधनांनी वाचून बघ, मग ठरव.

हे सदर वाचणाऱ्या ग्रंथालयांतल्या मंडळींना एक विनंती. तुमच्या कक्षाची भिंत काचेची असेल तर पडदा लावा. किल्ली काउंटरवर ठेवा, साहेबांच्या खणात नको. आणि पाटीखाली बारीक अक्षरांत कुणाकुणासाठी हे आहे ते लिहा, कारण 'हे माझ्यासाठी नाही' असं समजून परत जाणारे पुष्कळ आहेत. डिस्लेक्सियामुळे ओळी उड्या मारतात अशा मुलालाही हाच वाचून दाखवणारा संगणक लागतो. हाताने लिहिता न येणाऱ्या मुलीला बोलून टंकण्याची सोय मराठीतही आहे. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलासाठी उंची कमी-जास्त होणारं एक टेबल पुरतं.

आणि मुली, तुझं पत्र पाच पानांचं आहे. डोळ्यांबद्दल, मैत्रिणीबद्दल, बहिणीबद्दल, सरांबद्दल सगळं आलं त्यात. लघुप्रबंधाचा विषय काय आहे ते कुठेच नाही. पुढच्या पत्रात आधी तो लिही.